देवमाशाचं निवेदन

माणसांना काय ऐकायला आवडतं, हे आमच्या अख्ख्या संग्रहालयात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! हे मी नम्रपणे म्हणतोय बरं का. नम्रपणा बाजूला ठेवला असता, तर अख्ख्या शहरात कळत नाही म्हणालो असतो.

मी संग्रहालयाच्या प्रेक्षक विभागात काम करतो. विभाग म्हणजे एक टेबल, एक कुरकुरणारा पंखा आणि मी. आमच्याकडे येणारे लोक मागे कुत्रं लागल्यासारखे फिरतात. जुन्या घड्याळांचं दालन, मातीच्या भांड्यांचं दालन, पक्ष्यांचं दालन, सगळं धावत बघून टाकतात आणि दारात मला गाठून विचारतात, ‘पाणी कुठे आहे? बाहेर कुठून पडायचं?’ झालं! हजारो वर्षांचा ठेवा बघून माणसाच्या मनात उरतं काय, तर तहान!

म्हणून मी योजना काढली. मोबाइल मार्गदर्शक! प्रेक्षकाने आपला फोन काढायचा, कानाला हेडफोन लावायचा, वस्तूसमोर उभं राहून बटण दाबायचं, की एक गोड आवाज त्या वस्तूची सगळी कुळकथा कानात ओतणार. आमच्या संचालक मॅडमनी योजना ऐकून घेतली आणि चष्मा खाली केला. मॅडमनी चष्मा खाली केला की समोरच्याने मान खाली घालायची, असा आमच्याकडे अलिखित नियम आहे.

“मजकूर कोण लिहिणार?”

“मीच, मॅडम!”

“लांबण लावणार नाही ना?”

“छे हो! एकेक शब्द मोत्यासारखा!”

“पोतंभर मोती नकोत मला,” मॅडम म्हणाल्या. “आणि हे बघा, आधी चाचणी घ्यायची. आपल्या मंडळाचे अध्यक्ष स्वतः येणार आहेत. चाचणी फसली, तर आपण गुपचूप भिंतीवर पाट्या लावू, आणि तुम्ही तळघरात फुलपाखरांच्या पेट्यांत डांबरगोळ्या ठेवायला जाल.”

माझ्याआधी या टेबलावर बसणारा गृहस्थ असाच तळघरात गेला होता. आता तो भेटला की झुरळंसुद्धा रस्ता बदलतात! पण मी डगमगलो नाही. ज्याच्या लेखणीत जोर आहे, त्याला डांबरगोळ्यांची काय भीती?

मजकूर तयार झाला. आवाजासाठी माझी ताई तयारच होती. ताई दातांची डॉक्टर आहे. समोरचा माणूस तोंड वासून पडलेला आणि आपण बोलतोय, अशा परिस्थितीत तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. एकतर्फी बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. शिवाय आवाज असा, की दाढ उपटली जात असताना पेशंटला झोप लागते. तिच्याच दवाखान्यात, दोन पेशंटांच्या मधल्या वेळात, आम्ही एकेक निवेदन रेकॉर्ड केलं.

“या घड्याळाकडे नीट पाहा,” ताई वाचायची, “आता थोडं डावीकडे. अजून. हां, बास. घाबरू नका.”

“ताई, ‘घाबरू नका’ कुठे लिहिलंय मी?”

“अरे, तोंडातून जातंच ते! असू दे. लोकांना धीर येतो.”

सगळ्यात शेवटचं निवेदन देवमाशाचं. आमच्या मोठ्या दालनात छताला टांगलेला देवमाशाचा सांगाडा आहे. त्या निवेदनावर मी जीव ओतला होता! सांगाडा कुठल्या जहाजातून आला, उतरवायला किती मजूर लागले, तो टांगणाऱ्या साखळ्या कुठल्या कारखान्यात घडल्या, त्या साखळ्यांना गंज चढू नये म्हणून कोणता रंग देतात... एक तपशील सोडला नव्हता. ताईने वाचलंही झकास. फक्त ऐन साखळ्यांच्या वर्णनात पलीकडच्या खुर्चीवरचा, तिच्या असिस्टंटच्या ताब्यातला पेशंट जिवाच्या आकांताने ओरडला, “आई गंऽऽऽ!” आणि ते रेकॉर्ड झालं.

पुन्हा वाचायला ताईकडे वेळ नव्हता. मग मी चाचणीच्या दिवशी सकाळी घरीच कॉम्प्युटर उघडला. ॲप बनवणाऱ्या माणसाने मला एक सोय करून दिली होती. ‘आवाज स्वच्छ करा’ असं म्हटलं की नको असलेले आवाज निघून जातात. किती स्वच्छ करायचा, त्याचे तीन पर्याय : थोडा, बराच, संपूर्ण. आता मला सांगा, तुम्ही काय निवडलं असतं? अर्धवट कामं आपल्या रक्तातच नाहीत! मी ‘संपूर्ण’ निवडलं. पडद्यावर अक्षरं उमटली, ‘आवाज संपूर्ण स्वच्छ झाला आहे.’

एकदा ऐकून बघणारच होतो. पण बायको आतून ओरडली, “इस्त्री तापलीय! शर्ट देताय की तसेच जाताय?” मी शर्ट दिला. निवेदन तसंच गेलं.

चाचणीला मंडळी जमली. संचालक मॅडम होत्या. अध्यक्ष होते. ते निवृत्त न्यायाधीश असल्यामुळे सगळे त्यांना ‘न्यायमूर्ती’च म्हणतात. आणि सर्वसामान्य प्रेक्षक म्हणून मी आमच्या शेजारच्या काकूंना, त्यांच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मैत्रिणींसकट, बोलावलं होतं. काकू म्हणजे सडेतोड बाई. मानेचं दुखणं आहे, पण झुकेल तर शपथ!

घड्याळांच्या दालनात सगळ्यांनी बटणं दाबली. पहिल्याच मिनिटाला काकू गरजल्या, “माझं काही वाजत नाही!”

मी बघितलं. आवाज बंद होता. चालू करून दिला. दुसऱ्या मिनिटाला पुन्हा, “अरे, परत गेला!” काकूंच्या अंगठ्यानेच तो बंद होत होता. असं तीनदा झाल्यावर न्यायमूर्तींनी हेडफोन काढला आणि दालनभर घुमेल अशा आवाजात निकाल दिला, “ऊठसूट यंत्राला दोष देऊ नये. आधी आपली बोटं तपासावीत!”

काकूंचा चेहरा पडला. बाकीच्यांनी आपापली बोटं तपासली. त्यानंतर कुणीही तक्रार म्हणून केली नाही.

पण एकूण रंग काही बरा दिसेना. ताईच्या आवाजाने “आता मागे वळा” म्हटलं, तेव्हा प्रत्येकाने बटण वेगवेगळ्या वेळी दाबलेलं असल्यामुळे कुणी वळलं, कुणी अजून वळायचं होतं, आणि काकूंच्या दोन मैत्रिणी एकमेकींवर अशा आदळल्या की टाळी वाजल्यासारखा आवाज झाला. भांड्यांच्या दालनात माझं निवेदन जरा तपशीलवार होतं. तिथे न्यायमूर्तींना चक्क उभ्याने झोप लागली! पक्ष्यांच्या दालनात तर कुणी पक्ष्यांकडे बघतच नव्हतं. सगळे फोनवरची रेघ किती पुढे सरकली, अजून किती उरलीय, तेवढंच बघत होते. मॅडम मात्र माझ्याकडे बघत होत्या. बाजारात डांबरगोळी निवडून घेताना बघावं ना, तसं!

आणि मग आम्ही मोठ्या दालनात आलो.

सगळ्यांनी बटणं दाबली. मी दाराशी हात चोळत उभा राहिलो. फोनवरची रेघ पुढे सरकायला लागली. लोकांनी फोनकडे पाहिलं. एकमेकांकडे पाहिलं. मग कुणीतरी मान वर केली. मग दुसऱ्याने केली. आणि बघता बघता सगळ्यांच्या माना वर गेल्या, तोंडं उघडी पडली, आणि दालनात अशी शांतता पसरली की छतावर चालणाऱ्या कबुतराची पावलं ऐकू यावीत!

माझ्या अंगावर काटा आला. साखळ्यांचं वर्णन माणसाला इतकं हलवू शकतं?

काकू सांगाड्याच्या मधोमध उभ्या होत्या. त्यांनी मानेवर हात ठेवला, मग त्या खाली बसल्या, आणि मग सरळ फरशीवर उताण्या आडव्या झाल्या! मी हादरलो. पण लगेच त्यांच्या शेजारी त्यांची एक मैत्रीण आडवी झाली. मग दुसरी. मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं, साडी सावरली आणि त्याही आडव्या झाल्या! शेवटी न्यायमूर्ती. त्यांनी कोट काढून नीट घडी घातली, उशाला घेतली, आणि इतमामाने देह जमिनीला टेकवला.

लेखक वाचकाला रडवतो, हसवतो, हे ऐकून होतो. पण माझ्या लेखनाने माणसं शब्दशः आडवी पडली होती! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. म्हटलं, जे मी लिहिलंय ते एकदा मीही ऐकावं. चाचणीसाठी संग्रहालयाने चारदोन फोन शिल्लक ठेवले होते, त्यातला एक घेतला, हेडफोन घातला, बटण दाबलं.

काहीच नाही!

आवाज वाढवला. काहीच नाही. पार टोकाला नेला. ताई नाही, साखळ्या नाहीत, “आई गं” नाही. आवाज इतका स्वच्छ झाला होता की उरलाच नव्हता! रेघ मात्र ऐटीत पुढे सरकत होती.

माझ्या पायांखालची फरशी सरकली. मी वेड्यासारखी बटणं दाबायला लागलो. दुसरा फोन घेतला, तिसरा घेतला, सगळीकडे तोच मुका कारभार. नाकात डांबरगोळ्यांचा वास यायला लागला!

तेवढ्यात वरच्या सज्जात आमचे पहारेकरी आले. त्यांना सगळे शिट्टीमामा म्हणतात. मामा चहा पिऊन आले आणि कठड्यावरून खाली वाकले. त्यांना काय दिसलं, ते तुम्हीच डोळ्यांसमोर आणा : संचालक, अध्यक्ष आणि प्रतिष्ठित बायकांचा घोळका, सगळे जमिनीवर पसरलेले, डोळे ताठ, तोंडं उघडी! मामांनी शिट्टी मारली. कुणी हललं नाही, कारण हेडफोन उत्तम दर्जाचे होते. मीही त्यातच कान खुपसून ताईला शोधत होतो. मामांनी आणखी जोरात मारली. कुणाची पापणी लवली नाही. मामा म्हणाले, विषारी वायू! आणि त्यांनी धोक्याचं लाल बटण दाबलं.

ते बटण दाबल्यावर आमच्याकडे काहीच वाजत नाही. संग्रहालयात शांतता राहावी, म्हणून घंटा थेट अग्निशमन केंद्रात वाजते. आणि केंद्र आहे आमच्या मागच्याच गल्लीत!

धाडकन दार उघडलं. त्या हादऱ्याने सगळ्यांनी हेडफोन खाली ओढले, मीसुद्धा. तोंडावर मुखवटे, हातात नळी, अंगावर जाडजूड कोट घातलेले जवान आत घुसले. त्यांच्या प्रमुखाने मुखवटा वर केला आणि तो गरजला, “किती जण बेशुद्ध आहेत?”

जमिनीवरून काकूंनी एक बोट वर केलं. “शूऽऽऽ!”

“बाई, तुम्ही ठीक आहात ना?”

काकूंनी तेच बोट छताकडे नेलं.

प्रमुखाने वर पाहिलं. काहीतरी बोलायला उघडलेलं त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. त्याने हळूच डोक्यावरचं हेल्मेट काढून छातीशी धरलं. मागचे जवान त्याच्यावर आदळले, त्यांनीही वर पाहिलं, आणि नळी जमिनीवर ठेवली.

“हे... खरं आहे?” त्याने मला विचारलं. एवढा धिप्पाड माणूस, पण आवाज लहान मुलासारखा झाला होता.

“खरं आहे,” मी म्हटलं.

“आपल्या शिडीएवढा आहे, साहेब,” एक जवान कुजबुजला.

“शिडी काय घेऊन बसलास?” प्रमुख म्हणाला. “अरे, त्या जबड्यात आपली गाडी राहील!”

तेव्हा मीही वर पाहिलं. खरं सांगतो, मी रोज त्या सांगाड्याखालून जातो, पण मनगटावरच्या घड्याळाकडे बघत. त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. उंच खिडकीतून ऊन आलं होतं आणि एकेका बरगडीवरून ओघळत होतं. बरगड्या कसल्या, उलट्या घातलेल्या नावेच्या फासळ्याच! प्रत्येक बरगडी माझ्याहून उंच. पुढच्या पंखात चक्क मनगट होतं, बोटांची हाडं होती, माझ्या हातात आहेत तशीच, फक्त राक्षसी. आणि पाठीचा कणा एकामागून एक मणके मागे टाकत निघाला होता तो थेट दालनाच्या टोकापर्यंत. हे एवढं थोरलं कधीकाळी श्वास घेत होतं. पाण्यात वळत होतं. कुठेतरी आपल्या पिलाला जवळ घेत होतं. आणि मी लिहिलं होतं काय? गंज चढू नये म्हणून कोणता रंग देतात!

“काय रे,” जमिनीवरून काकूंनी हळूच विचारलं, “ती मागे शेपटीकडे दोन एवढीशी हाडं लोंबतायत ना, ती कशालाच जोडलेली नाहीत. जोडायची विसरलात का?”

“नाही काकू. ती कमरेची हाडं आहेत.”

“माशाला कंबर?”

“हा मासा नाहीच, काकू. नावातच तेवढा मासा. याचे पूर्वज जमिनीवर होते, चार पायांवर चालायचे. मग ते पाण्यात गेले. मागचे पाय गेले. ही दोन हाडं तेवढी राहिली.”

न्यायमूर्ती कोटाच्या उशीवरून म्हणाले, “म्हणजे समुद्रातून एकदा जमिनीवर आले, आणि परत समुद्रात गेले?”

“हो साहेब.”

“खालच्या कोर्टाचा निकाल फिरवला!” असं म्हणून न्यायमूर्तींनी डोळे पुसले.

अग्निशमन दलाचे जवान निघाले ते उलट्या पावलांनी, वर बघत बघत. एक जण दाराच्या चौकटीवर आपटला, पण हेल्मेट असल्यामुळे वाचला.

मग मॅडमच्या खोलीत सगळे जमले. मी कोपऱ्यात उभा. मनाशी ठरवलं होतं, खरं ते सांगून टाकायचं आणि तळघराची किल्ली मागून घ्यायची.

“अध्यक्ष महाशय,” मी सुरुवात केली, “देवमाशाच्या निवेदनाबद्दल मला एक कबूल करायचंय...”

“तुम्ही काही बोलू नका!” न्यायमूर्तींनी हात वर केला. “घड्याळांचं निवेदन कंटाळवाणं आहे. भांड्यांचं असह्य आहे. पक्ष्यांचं ऐकून पक्षी उडून गेले नाहीत, ते केवळ पेंढा भरलेला असल्यामुळे! पण देवमाशाचं निवेदन...” त्यांनी डोळे मिटून घेतले. “काय संयम! काय भाषा! त्यातला एक शब्दही बदलायचा नाही. समजलं?”

“एकही शब्द बदलणार नाही, साहेब,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“आणि ती जमिनीवर झोपायची सूचना!” मॅडम म्हणाल्या. “किती अचूक जागी दिलीय!”

“अगदी!” काकूंच्या मैत्रिणी एका सुरात म्हणाल्या.

काकू मात्र गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. “सूचना कसली? माझी मान...” त्या म्हणाल्या, पण तेवढ्यात टाळ्या सुरू झाल्या.

योजना मंजूर झाली! बाहेर पडताना न्यायमूर्तींनी मला खांबाआड ओढलं. “हे बघा,” ते कानाशी कुजबुजले, “माझं यंत्र जरा... म्हणजे मला काहीच ऐकू आलं नाही. बाकीच्यांना सांगितलं असणार झोपायला, म्हणून मीही झोपलो. कुठे बोलू नका. मघाशी मी बोटांबद्दल जरा जास्तच बोललो होतो ना!”

“साहेब, खरं तर कुणालाच...”

“शब्द द्या!”

मी शब्द दिला. परत फिरलो तर मॅडम दारातच उभ्या. चष्मा खाली! “ऐका. माझा हेडफोन बिघडलेला होता.”

“मॅडम, हेडफोन नाही, फाइलच मुकी होती. सगळ्यांचीच! माझ्या हातून आवाज पुसला गेला.”

मॅडमनी मागचं दार हलकेच लोटून घेतलं. मग चष्मा वर करून म्हणाल्या, “हे आपल्या दोघांतच राहू द्या. मी आत्ताच न्यायमूर्तींना सांगितलंय, की त्यातलं तिसरं वाक्य मला फार आवडलं.”

“मग न्यायमूर्ती काय म्हणाले?”

“म्हणाले, त्यांना चौथं.”

अशा रीतीने मोबाइल मार्गदर्शक सुरू झाला. बाकीच्या निवेदनांना मॅडमनी अशी कात्री लावली, की घड्याळांच्या दालनात आता ताई फक्त “पाहा. घाबरू नका,” एवढंच म्हणते. देवमाशाला कुणी हात लावला नाही. तिथे आम्ही जाजमं अंथरली. कुठे, किती आणि कशी, याबद्दल काकूंचा शब्द अखेरचा!

उद्घाटनाला ताई आली. तिला सांगायचं धैर्य काही मला झालं नव्हतं. ती हेडफोन लावून जाजमावर आडवी झाली आणि मी दोन खांब सोडून लपून उभा राहिलो. म्हटलं, आता उठेल आणि सगळ्यांदेखत माझे कान उपटेल. रेघ संपली. ताई उठेना. शेवटी मीच गेलो.

“ऐकलंस?”

“अरे, ऐकायचं राहूनच गेलं बघ!” ती वर बघतच म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे. “माझाच आवाज, पण लक्षच गेलं नाही. केवढं आहे रे हे! केवढं आहे!” मग जरा वेळाने उठून बसली आणि हळहळली, “पण एवढं मोठं तोंड, आणि एक दात नाही रे!”

मी सुटकेचा निःश्वास सोडला. म्हटलं, आता आपल्याला कसलीच भीती नाही. तेवढ्यात गर्दीतून एक अनोळखी बाई माझ्याकडे आल्या. चेहरा त्रासलेला.

“हे तुमचंच काम ना?” त्यांनी फोन पुढे केला. “ही देवमाशाची बाई छान सांगते हो, पण फार मोठ्याने बोलते. जरा आवाज कमी करून द्या बघू!”

मी त्यांच्या हातातून फोन घेतला, चार वेळा बटण दाबलं आणि अदबीने परत दिला.

त्यांनी हेडफोन घातला, वर पाहिलं, आणि त्यांचा चेहरा खुलला.

“हां! आता कसं!”